आमचं घर पूर्वी रेसच्या घोड्यांचा तबेला होता – इतिहास कसा शोधावा?

वेशीवरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. लांबण लागेल, आधीच सांगतो.

आम्ही राहतो ते घर मुळात घर म्हणून बांधलेलंच नाही. लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात, एप्सम डाउन्सच्या कडेला रेसच्या घोड्यांचा एक जुना तबेला होता. तो सुमारे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी राहण्याजोगा करून घेतला आणि गेल्या हिवाळ्यात तो आमच्या ताब्यात आला.

एप्सम म्हणजे डर्बी. पहिली डर्बी ४ मे १७८० ला इथे धावली. आज जगात जिथे जिथे 'डर्बी' नावाची घोड्यांची शर्यत आहे, तिथे ते नाव इथूनच गेलंय. पण डर्बीचा दिवस वर्षातून एकच. घोडे मात्र इथे बारा महिने असत, कारण ही जमीनच तशी आहे. खाली चुनखडीचा खडक, वर आखूड दाट गवत. कितीही पाऊस पडला तरी पाणी मुरून जातं, चिखल होत नाही आणि टापेखाली जमीन दबते तशी पुन्हा वर येते. म्हणून या माळाच्या कडेकडेने तबेले उभे राहिले. आजही दुपारी बारापर्यंत माळावर पहिला मान सरावाच्या घोड्यांचा, माणसांनी बाजूला व्हायचं.

आमची इमारत विटांची, स्लेटच्या छपराची, काटकोनात वळलेली. आतल्या चौकाकडे ओळीने नऊ दारं. बाहेर रस्त्याकडे मात्र एकही जुनी खिडकी नाही, आहेत त्या सगळ्या नंतर फोडलेल्या. वर लांबच लांब माळा. आमचं स्वयंपाकघर म्हणजे तिसरा आणि चौथा खण मधली भिंत काढून एक केलेले. आम्ही झोपतो ते माळ्यावर.

मार्चमध्ये स्वयंपाकघरातलं फाटकं व्हिनाइल उचकटलं, तर खाली मूळ फरशी निघाली. निळसर काळ्या विटा, आणि प्रत्येक विटेवर सुरीने वड्या पाडाव्यात तशा रेघा. सगळ्या फरशीला दाराकडे अगदी हलका उतार, मधोमध बोटभर खोल चर. बायको आणि मी रात्री अकरापर्यंत गुडघ्यांवर बसून घासत होतो. घासता घासता वास आला. चाळीस वर्षं तिथे घोडा नाही, पण ओल्या विटांना तबेल्याचा वास आला. तेव्हापासून मला चैन नाही.

अडचण अशी की चौथ्या खणाची मागची भिंत सतत भुरभुरते. रंग दिला की तीन महिन्यांत पापुद्रे. काम बघायला आलेला माणूस म्हणाला, सगळा गिलावा खरवडू, ओलरोधक रसायन मारू आणि सिमेंटचा गिलावा करू. त्याने ४,२०० पौंड सांगितलेत. हात लावू द्यावा का?

दुसरं म्हणजे, चौथ्या खणाच्या दाराची चौकट मूळची आहे. तिच्यात अगदी खाली, जमिनीपासून वीतभरावर, दगडात बसवलेली लोखंडी खाच आहे. वर नेहमीच्या कडीची खाच आहेच, मग ही खालची कशाला? त्याच दाराचा खालचा अर्धा भाग आधीच्या मालकांनी टेबलाला वापरलाय. त्याची एक कड कुणीतरी कुरतडल्यासारखी अर्धगोल झिजलेली आहे.

आणि खरा प्रश्न. इथे कोण राहत होतं? मालकांची नावं खरेदीखतांत सापडतील. मला त्या माळ्यावर झोपणाऱ्यांबद्दल जाणून घ्यायचंय.

---

रानवारा

फरशीचे फोटो टाका की!

---

चुनखडी

वेशीवरचा, कृपा करून सिमेंट लावू नका. बाकीचं नंतर वाचा, हे आधी वाचा.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. तुमच्या भिंतीला झालंय त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, लोणा. भिंतीला लोणा धरलाय. फक्त हा साधा लोणा नाही, घोड्यांचा लोणा आहे.

घोडा दिवसाला पाच ते दहा लिटर मुततो. ते विटांत आणि चुन्यात मुरतं. त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात. शंभर वर्षं हे चालू राहिलं की भिंतीत नायट्रेट क्षारांचा साठा होतो. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणजे पावसाचं पाणी कुठूनही येत नसताना भिंत ओली दिसते, ओल मोजायचं यंत्र लावलं तर काटा टोकाला जातो, आणि बघणारा म्हणतो जमिनीतून ओल चढतेय, रसायन मारा. त्या रसायनाने क्षार जात नाहीत. हवा कोरडी झाली की क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात आणि विटेचा पृष्ठभाग फोडतात. पापुद्रे पडतात ते त्यामुळे.

सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडते. मग स्फटिक गिलाव्याच्या मागे, विटेच्या अंगात तयार होतात. दोन-तीन वर्षं भिंत छान दिसेल आणि नंतर सिमेंट विटेचा थर घेऊन सुटेल. मी असल्या भिंती उघडल्यात, आत विटांचा भुगा असतो.

करायचं ते असं. जुना गिलावा काढा. भिंत काही महिने उघडी ठेवा, वर येणारी पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि घराबाहेर टाका, पाण्याने अजिबात धुऊ नका. मग क्षार ओढून घेणाऱ्या मातीचा ओला लेप देऊन वाळवून काढा, दोन-तीन वेळा. शेवटी चुन्याचा गिलावा, वर चुन्याचाच रंग. तो गिलावा पंधरा-वीस वर्षांनी खराब होईल, तेव्हा काढून नवा करायचा. झिजायचं ते गिलाव्याने झिजावं, भिंतीने नाही. यावर भागलं नाही तर भिंतीपुढे हवा खेळती ठेवून लाकडी चौकटीवर वेगळं अस्तर करता येतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या भिंतीवरची ती पांढरी पूड म्हणजे सोऱ्याची सख्खी बहीण. बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक सोरा. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाची माणसं लोकांच्या तबेल्यांची आणि कबुतरखान्यांची जमीन खणून सोऱ्याची माती न्यायची. मालकाची परवानगीही लागायची नाही. लोक इतके पिडले गेले की १६५६ मध्ये पार्लमेंटला कायदा करून मालकाच्या संमतीशिवाय खणण्याला बंदी घालावी लागली. पुढे ईस्ट इंडिया कंपनी बिहारचा सोरा जहाजं भरभरून न्यायला लागली, तेव्हा इंग्लंडच्या तबेल्यांची सुटका झाली.

---

वेशीवरचा

@चुनखडी, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. त्या माणसाला आजच फोन करून थांबवतो. खूप आभार.

---

अश्विनौषध

मी घोड्यांची डॉक्टर. सुरुवातीची सहा वर्षं रेसच्या घोड्यांमध्येच गेली, त्यामुळे हा धागा सोडवत नाहीये.

आधी खालची खाच. ती पायकडीची आहे. तबेल्याचं दार वरखाली दोन भागांचं असतं. वरचा भाग दिवसभर उघडा, घोडा मान बाहेर काढून उभा. खालच्या भागाला दोन कड्या, एक वर हाताने लावायची आणि एक तळाशी पायाने फिरवायची. वरची कडी हुशार घोडा ओठांनी उघडतो, खरंच उघडतो, मी पाहिलंय. खालच्या कडीपर्यंत त्याचं तोंड पोचत नाही. शिवाय दाराला आतून लाथ बसली तर तळाचा भाग वाकू नये म्हणूनही ती लागते. पायाने का, तर मोतद्दाराच्या एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात पेंढ्याची मोळी असते. रोज पन्नास वेळा दार उघडायचं-लावायचं, त्यामुळे तिथे काम केलेल्या माणसाचा पाय न बघता त्या कडीवर जातो.

कुरतडलेली कड ही घोड्याच्या दातांची. काही घोडे दाराची कड वरच्या दातांत धरतात, मान ताणतात आणि घशातून आवाज करत हवा गिळतात. हा हट्टीपणा नव्हे. मोकळ्या माळावर दिवसाचे चौदा-सोळा तास चरणारं जनावर बारा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत बावीस-तेवीस तास उभं राहतं, चंदी मिळते ती दाण्याची, भराभर संपणारी, आणि पुढे करायला काही नसतं. ही सवय एकदा लागली की बहुधा जात नाही. तुमच्या टेबलाची कड अर्धगोल झिजलीय म्हणजे तिथे एकच घोडा खूप काळ होता, किंवा एकामागून एक असे दोन-तीन.

फरशीवरच्या रेघा नाल मारलेला खूर घसरू नये म्हणून. स्टॅफर्डशरच्या त्या निळ्या विटा फार उष्णतेवर भाजतात, त्या पाणी जवळजवळ पीत नाहीत. मूत चरातून बाहेर वाहून जावं म्हणून उतार. @चुनखडी म्हणतात तो क्षार भिंतीत जास्त आणि फरशीत कमी सापडेल तो यामुळेच.

आता बाहेरच्या बाजूला खिडक्या नाहीत त्याबद्दल. एक कारण म्हणजे जुना गैरसमज. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मानायचे की घोडा गरम, अंधाऱ्या, बंद जागेत ठेवला की केस तुकतुकीत राहतात. फटीसुद्धा बुजवायचे. आत अमोनियाने डोळे चुरचुरायचे आणि घोडे खोकून खोकून फुप्फुसांच्या आजाराने जायचे. विल्यम युएट या पशुवैद्याने १८३० च्या सुमारास या कोंदट तबेल्यांविरुद्ध कळकळीने लिहिलं. तुमच्या छपराच्या कण्यावर हवेसाठी झडपांची लाकडी पेटी असेल तर ती या नंतरच्या विचारातून आलेली.

दुसरं कारण चोरटी नजर. कुठला घोडा लंगडतोय, कुठला जोमात आहे, ही बातमी सट्टेवाल्यांना पैसे देणारी. घोड्यांच्या शर्यतींचं मोठं केंद्र असलेल्या न्यूमार्केटला डॅनियल डॉसन नावाच्या अशाच एका हेराने घोड्यांच्या पाण्याच्या हौदांत सोमल कालवला. घोडे तडफडून मेले. १८१२ मध्ये त्याला केंब्रिजला जाहीर फाशी दिली. त्यानंतर आपला तबेला रस्त्याकडे उघडा ठेवावा असं कोणत्या ट्रेनरला वाटेल?

---

मेघना_प

हा धागा वाचताना लक्षात आलं की आपल्याकडे घोड्याच्या घराचे किती शब्द आहेत. तबेला आहेच, पण पागा किती भारदस्त! घोडा बांधायची जागा ती ठाण. खायचं गव्हाणीत किंवा तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यात, खायचं काय तर चंदी, अंग घासायचं ते खरारा, नाल मारणारा नालबंद, तोंडात लगाम, नुसतं बांधायला म्होरकी, पुढचे पाय आगाडीला आणि मागचे पिछाडीला. वेशीवरचा, तुमच्या चौथ्या खणाला 'चौथं ठाण' म्हणा.

---

वेशीवरचा

@मेघना_प, म्हणायला सुरुवात केलीसुद्धा. मुलगी म्हणते, 'बाबा, डबा चौथ्या ठाणात विसरलाय.'

@अश्विनौषध, कण्यावर झडपांची पेटी आहे! आम्ही तिला कबुतरांचं घर समजत होतो. आणि टेबलाच्या त्या कडेवर आता हात ठेवताना वेगळंच वाटतं.

---

सदाफुली२

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. तबेल्याचं घर झालं की तबेला गेलाच ना? विटा राहिल्या, पण काम गेलं. न्यूमार्केटमध्ये आजही सुमारे तीन हजार रेसचे घोडे सरावात आहेत आणि तिथे घोड्यांच्या जागेची घरं करायची म्हटली की नियोजनाचे नियम आडवे येतात. कारण एकदा दहा तबेल्यांचे फ्लॅट झाले की अकराव्याला नालबंद मिळत नाही, वैरणवाला मिळत नाही, आणि घोडे रस्त्यावरून न्यायचे तर नव्या रहिवाशांच्या तक्रारी येतात. एप्समला हेच झालं. कधीकाळी घोड्यांनी भरलेल्या गावात आता मोजके ट्रेनर उरलेत. तुम्ही वैयक्तिक दोषी नाही, पण जुनी फरशी जपली म्हणून तबेला जपला असं मात्र वाटून घेऊ नका.

---

वेशीवरचा

@सदाफुली२, रागवेन कशाला. हे माझ्याही मनात येतं. आम्ही आलो तेव्हा घोडे जाऊन चार दशकं झाली होती हे खरं, पण त्याने तुमचा मुद्दा खोटा ठरत नाही. सकाळी सात वाजता अजूनही समोरच्या वाटेने आठ-दहा घोड्यांची रांग माळावर जाते. मुलगी खिडकीत उभी राहून मोजते. ती रांग बंद पडू नये असं मनापासून वाटतं.

---

चुनखडी

दोन्ही बाजू समजतात. पण वापरात नसलेली इमारत फार टिकत नाही, छपराची एक स्लेट सरकली की दहा वर्षांत तुळया कुजतात. राहणारं कुणी असेल तर ती स्लेट दुसऱ्या दिवशी जागेवर जाते.

केंब्रिजजवळ वॉन्डलबरी नावाची जागा आहे. आजच्या सगळ्या थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांचे नर-वंश ज्या तीन मूळ घोड्यांकडे जातात, त्यांतला एक गोडॉल्फिन अरेबियन. तो १७५३ मध्ये तिथे मेला आणि तिथल्या तबेल्याच्या कमानीखालीच त्याला पुरलाय, वर शिळा आहे. ज्या लॉर्डचा तो घोडा, त्याचा मोठा वाडा तिथेच होता. तो वाडा १९५० च्या दशकात पाडला गेला. तबेला मात्र अजून उभा आहे, कारण त्याला दुसरा उपयोग मिळाला.

आणि लंडनचे 'म्यूज' घ्या. म्यू म्हणजे शिकारी ससाण्याचं पिसं गळणं. राजाचे ससाणे जिथे ठेवत ती जागा १५३४ मध्ये जळाली, पुढे त्या जागी घोड्यांचे तबेले झाले, नाव तेच राहिलं. मग श्रीमंतांच्या घरांमागच्या सगळ्या तबेल्यांच्या गल्ल्यांना म्यूज म्हणायला लागले. मोटारी आल्यावर त्यांची घरं झाली, तरी नाव ससाण्यांचंच आहे.

---

गडकरी_नव्हे

डर्बीचा विषय निघालाय तर आपल्या बाजूचंही नोंदवतो. १९३४ ची एप्सम डर्बी राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅडने जिंकली. आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं, त्या काळी डोळे पांढरे करणारी किंमत. आजोबांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. १९४७ ची सेंट लेजर, म्हणजे डॉनकास्टरची मोठी शर्यत, सयाजीरावने जिंकली. इंग्रज धावते वर्णन करणाऱ्याने 'सयाजीराव' हे नाव ओरडून सांगितलं असेल, याचा विचार करून माझ्या वडिलांना फार आनंद व्हायचा.

---

अश्विनौषध

एक राहिलंच होतं. तबेले मैदानाला इतके चिकटून का, तर घोडा पूर्वी शर्यतीला चालत जायचा. अडीचशे मैलांवर शर्यत असली तर पंधरा दिवस आधी निघायचं, वाटेत पाय सुजायचे. १८३६ मध्ये लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने आपला एलिस नावाचा घोडा मोठ्या चाकांच्या बंद गाडीत घातला, गाडीला सहा घोडे जुंपले आणि गुडवूडहून डॉनकास्टरला थोड्याच दिवसांत पोचवला. सट्टेवाले निर्धास्त होते, कारण घोडा अजून दक्षिणेतच आहे अशी त्यांना पक्की खबर होती. एलिसने सेंट लेजर जिंकली. लगेच पुढे रेल्वे आली, आणि घोडा कुठेही राहून कुठेही धावू शकतो असं झालं.

---

जुनीवही

वेशीवरचा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी लिहिते. मी लोकांची कुळं शोधून देते, आणि तुम्हाला हवीत ती माणसं सापडण्याजोगी आहेत.

सुरुवात नकाशापासून करा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे एका मैलाला २५ इंच या मापाचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांवर तुमची काटकोनी इमारत कुठल्या आवृत्तीत पहिल्यांदा दिसते ते बघा. बांधकामाचा काळ दहा-वीस वर्षांच्या आत येईल.

मग १९१० च्या सुमारास झालेली जमीन-मोजणी. कर बसवण्यासाठी सरकारने देशातल्या जवळजवळ प्रत्येक मालमत्तेची पाहणी केली होती. त्या वह्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत कित्येकदा 'इतके खण, खोगिरांची खोली, वर माळा' इतक्या बारकाईने नोंद असते.

आणि जनगणना. घोड्यांच्या कामावरची पोरं बहुधा ट्रेनरच्या घरातच राहायची, म्हणून ती त्याच्याच कुटुंबाच्या यादीत, बायको-मुलांच्या खाली सापडतात. १९११ ची मूळ पानं घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेली आहेत, म्हणजे ट्रेनरचं अक्षर दिसेल. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, पण युद्धाच्या सुरुवातीला केलेली लोकांची १९३९ ची नोंदवही आहे. १९५१ ची तिला शंभर वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खुली होणार नाही. त्यामुळे १९३९ नंतरचं जे हवं असेल ते कागदात शोधू नका, जिवंत माणसांना विचारा, आणि लवकर विचारा.

---

रानवारा

@जुनीवही, सोन्यासारखा प्रतिसाद. साठवून ठेवला.

---

वेशीवरचा

अडीच महिन्यांनी लिहितोय. माफ करा, पण हात रिकामे नव्हते.

भिंत आधी. गिलावा काढला, @चुनखडी यांनी सांगितल्याप्रमाणे उघडी ठेवली. रोज सकाळी पांढरी पूड, अगदी तांदळाच्या पिठीसारखी. मुलगी ब्रशने झाडते. आठवड्याला एक वाटी भरायची, आता पाव भरते. लेप पुढच्या महिन्यात. काम करणारा माणूसही चुन्याचं काम येणारा मिळाला.

नकाशात इमारत १८९० च्या दशकात आहे, आधीच्या आवृत्तीत नाही. तिथे नुसतं शेत आहे.

१९११ चं पान पाहिलं. वळणदार, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ट्रेनर, त्याची बायको, दोन मुली, एक स्वयंपाकीण, आणि त्याखाली सात पोरं. सगळ्यांपुढे 'तबेल्यातला उमेदवार', म्हणजे काम शिकणारा पोरगा. सगळ्यात लहान चौदा वर्षांचा. जन्मगावं बघून मी थांबलो. एक डरहॅमच्या कोळशाच्या खाणींच्या गावचा, दोघे डब्लिनचे, एक लंडनच्या पूर्व भागातला. एकही इथला नाही. अंगाने लहान आणि वजनाने हलकी म्हणून निवडलेली पोरं. पाच-सात वर्षांच्या कराराने बांधलेली. त्यांतली बहुतेक जॉकी होत नसत, वजन वाढलं की घोडे घासत राहायची नाहीतर घरी जायची. एप्समला पुढे स्टॅनली वुटनसारखे ट्रेनर झाले, त्यांच्या हाताखालून नावाजलेले जॉकी निघाले, त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. या सातांची आता निदान मला ठाऊक आहेत. नावं इथे लिहीत नाही, त्यांची नातवंडं-पतवंडं असतील. पण ती एका कागदावर लिहून माळ्याच्या जिन्यापाशी लावलीत.

माळ्यावर आमचा पलंग आहे तिथे जमिनीत एक चौकोनी लाकडी झाकण होतं. वैरण खाली गव्हाणीत टाकायचं भोक. तिथून थंडीत घोड्यांच्या अंगाची ऊब वर यायची, अमोनियाही यायचा, आणि पोरं त्या झाकणाच्या आसपास झोपायची. हे मला कागदातून कळलं नाही. सांगतो कसं कळलं ते.

@जुनीवही म्हणाल्या की जिवंत माणसांना विचारा. पलीकडच्या गल्लीत एक आजोबा राहतात, वय ८७. पोस्टात काम करणाऱ्या बाईंनी सांगितलं की ते लहानपणी 'घोड्यात' होते. मी चिठ्ठी टाकली. आठ दिवसांनी मुलीला घेऊन आले, कोट-टाय घालून. १९५३ मध्ये, पंधराव्या वर्षी याच तबेल्यात कामाला लागले होते. साल कसं आठवतं विचारलं तर म्हणाले, पिंझा नावाचा घोडा जिंकला ते साल. राणीच्या राज्याभिषेकाचा आठवडा, गॉर्डन रिचर्ड्सने अठ्ठाविसाव्या प्रयत्नात पहिली डर्बी मारली आणि राणीचा घोडा दुसरा आला. ही पोरं चौकाच्या भिंतीवर चढून माळावरचा आरडाओरडा ऐकत होती, कारण दुपारी घोड्यांपाशी कुणीतरी थांबायला हवंच होतं.

पहाटे साडेपाचला लीद काढायची. दोन घोडे ज्याचे त्याचे, खरारा, चंदी, पाणी सगळं त्यानेच. संध्याकाळी ट्रेनर प्रत्येक ठाणात यायचा आणि घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का बघायचा. तोवर पोराने घोड्याचं डोकं धरून सरळ उभं राहायचं, बोलायचं नाही. पगाराचा विषय निघाला तेव्हा आजोबा थोडा वेळ गप्प झाले. १९७५ ला न्यूमार्केटच्या पोरांनी पगारवाढीसाठी संप केला तेव्हा ते हे काम सोडून केव्हाच पोस्टमन झाले होते, पण त्या आठवड्याच्या पगारातून त्यांनी संपाला पैसे पाठवले होते.

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी कुठला खण कुठला ते बघितलंही नाही. थेट टेबलापाशी गेले. त्या झिजलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ही माझी. एक तांबडी घोडी. दिवसभर दार दातांत धरायची. तिला कड सोडायला लावायला ते तिच्या कपाळावर हात ठेवून उभे राहायचे, हात काढला की पुन्हा सुरू. नाव सांगितलं तिचं. एकही शर्यत जिंकली नाही म्हणाले.

चहा झाला. कप-बशी आत ठेवायला म्हणून ते स्वतःच उठले, दोन्ही हातांत एकेक. मी दारात होतो, बाजूला झालो. चौथ्या ठाणाच्या चौकटीतून बाहेर पडताना त्यांचा उजवा पाय सहज खाली गेला आणि बुटाचं टोक हवेत बाजूला फिरलं, बरोबर त्या लोखंडी खाचेसमोर. ते थांबले. खाली बघितलं. मग हातातला एक कप माझ्याकडे देत विचारलं, "कडी कुठे गेली?"